चिठ्ठीवरचं नाव

आमच्या घरी दसऱ्याला गाडीची पूजा गॅरेजचं दार खाली ओढून व्हायची. बाबा आधी बाहेर जाऊन रस्त्यावर कोणी नाही ना ते बघून यायचे, मग बटण दाबायचे, दार करकरत खाली यायचं आणि ट्यूबलाइटच्या उजेडात आई बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायची. बाबांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. इथे अमेरिकेत त्या खुणेचा अर्थ भलताच होतो, हे आईलाही ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या वर्षापासून तिने स्वस्तिक सोडून नुसता 'श्री' काढायला सुरुवात केली. पण गॅरेजचं दार काही उघडं राहिलं नाही. पूजा झाली की बाबा ओल्या फडक्याने 'श्री' पुसायचे, चाकाखालच्या लिंबाच्या फोडी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे आणि मगच गाडी बाहेर काढायचे. त्या दिवशी अर्धी रजा घ्यायची, तर ऑफिसात सांगायचे की डेंटिस्टकडे जायचंय. आमच्या बाबांचे दात दर दसऱ्याला दुखायचे. हल्ली ओहायोतल्या डब्लिनमध्ये दसऱ्याला शाळेच्या मैदानावर ढोल वाजतात आणि पार्किंगमध्ये ओळीने पंचवीस गाड्यांना हार घातलेले दिसतात, तेव्हा मला त्या बंद दारामागच्या ट्यूबलाइटची आठवण येते आणि अजूनही थोडा राग येतो.

आई कऱ्हाडच्या गिरणीवाल्याची मुलगी. तिच्या माहेरी खंडेनवमीला गिरणी बंद ठेवून जात्यापासून पट्ट्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागायचं, आणि त्या दिवशी गावात कुणाच्या घरी पीठ संपलं तर त्याने भात खावा, असा तिच्या वडिलांचा रोखठोक हिशेब. मी नऊ वर्षांची असताना आम्ही ओहायोत आलो, तेव्हा तिने बरोबर विळी आणली, पाटा आणला आणि हा नियमही आणला. खंडेनवमीला आमच्या जेवणाच्या टेबलावर चौरंग मांडून त्यावर विळी, कात्र्या, शिवणयंत्राचा पाय, बाबांचा कॅल्क्युलेटर, इस्त्री असं सगळं ओळीने बसायचं. झेंडू मिळाला नाही तर नर्सरीतली शेवंती. आदल्या रात्री बांधलेला चक्का नळाला लटकलेला असायचा आणि त्यातलं पाणी दिवसभर सिंकमध्ये टपटपत राहायचं. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. दुसरा आवाज परातीतल्या तांदळाचा. इंडियन स्टोअरमधले तांदूळ तेव्हा कसेही यायचे. शनिवारी सकाळी आई मला परातीसमोर बसवायची आणि मी खडे, भाताचे तूस, किडके दाणे बोटाच्या टोकाने बाजूला सारायची. एक खडा दाताखाली आला की ती काही बोलायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. दहा वर्षं तसं बघून घेतल्यावर कोणाच्याही बोटांना डोळे फुटतील.

ती बोटं मला हँकच्या दुकानात घेऊन गेली. शाळेत मी रायफल टीममध्ये होते. नेम माझा यथातथाच, पण कुणाची रायफल अडली की सगळे माझ्याकडे यायचे, कारण गालिच्यात उडालेली स्प्रिंग मला सापडायची. कॉलेजचं एक वर्ष मी कसंबसं काढलं आणि एका संध्याकाळी वरणभात कालवता कालवता सांगून टाकलं की पुढच्या सेमिस्टरला मी जाणार नाही, गावाबाहेर मक्याच्या शेतांपलीकडे बंदुका दुरुस्त करणारा हँक म्हणून एक म्हातारा आहे, त्याच्याकडे काम शिकणार आहे. बाबांचा घास हातातच राहिला.

"लोकांना काय सांगू?" ते म्हणाले. "कुलकर्णींचा मुलगा मेडिकलला ॲडमिशन घेतोय आणि माझी मुलगी काय करते, तर बंदुका साफ करते?"

"दुरुस्त करते," मी म्हटलं.

"तेच ते."

"नाही बाबा, तेच नाही ते."

महिनाभर आमच्या घरात भांडीसुद्धा आवाज न करता घासली गेली. शेवटी बाबांनी तोडगा काढला. दसऱ्यापर्यंत मुदत. तोवर त्या हँकने एक तरी काम माझं म्हणून, माझ्या नावावर बाहेर जाऊ दिलं तर ते गप्प बसतील. नाहीतर जानेवारीच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर मी मुकाट्याने सही करायची. फॉर्म त्यांनी त्याच दिवशी आणून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. त्यांना वाटलं असणार की कोण गोरा म्हातारा एकोणीस वर्षांच्या मराठी पोरीला आपलं दुकान सोपवतोय.

'माझ्या नावावर' याला हँकच्या दुकानात अगदी सरळ अर्थ होता. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक बंदुकीला दोऱ्याने एक जाड पिवळी चिठ्ठी बांधलेली असायची. वर गिऱ्हाइकाचं नाव, खाली तक्रार काय, मग सापडलं काय, आणि शेवटी काम कोणी केलं त्याचं नाव. चिठ्ठीचा अर्धा भाग गिऱ्हाईक घेऊन जायचं, अर्धा खोक्यात राहायचा. हँकचा नियम होता की ज्याने शेवटचा स्क्रू आवळला त्याचंच नाव लिहायचं, बरं झालं तरी आणि वाईट झालं तरी. सात महिने मी पिना घासल्या, स्प्रिंगा मापल्या, खोलून पुसून पुन्हा जोडलं. पण शेवटचा स्क्रू नेहमी त्याचा. त्याची बोटं केळ्यासारखी जाड होती आणि चष्मा दोन. बारीक काम मीच करायची आणि तो हात पुसून शेवटी यायचा.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी मिस्टर डॉयल आले. उंच, पाठीत वाकलेले, कुणी शिंकलं तरी नाराज होतील अशा चेहऱ्याचे शेतकरी. त्यांच्या वडिलांची जुनी सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती, बावीस बोअरची. उडालेलं काडतूस धरून बाहेर ओढणारा जो बारीक आकडा असतो तो झिजून तुटला होता, त्यामुळे रिकामं काडतूस आतच अडकायचं. खारींच्या शिकारीचा मोसम चालू होता आणि त्यांना रायफल सोमवारी दुपारी हवी होती. हँकने खणातून लिफाफा काढला. त्यात नवा आकडा, जिऱ्यापेक्षा थोडी मोठी स्प्रिंग आणि तिच्यापुढे बसणारी एक खुंटी. लिफाफा त्याने माझ्यापुढे सरकवला.

"हे नंदा करेल," तो म्हणाला.

डॉयलनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "तू का नाही?"

"कारण ती स्प्रिंग मला दिसत नाही आणि तिला दिसते."

"मला ते तूच करायला हवंय, हँक."

"मग शेजारच्या गावात जा," हँक म्हणाला आणि चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत माझं नाव लिहून मोकळा झाला.  गाडीत बसल्यावर मी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटून घेतले.

रविवारी दुकान बंद. रायफल दुकानाबाहेर न्यायची सोय नव्हती, पण नुसता बोल्ट म्हणजे आत पुढेमागे सरकणारा पोलादी ठोकळा, तो मी घरी नेऊ का, असं विचारल्यावर हँक हो म्हणाला. घरी माझ्याकडे सुटे भाग ठेवायला आईचा जुना मिसळणाचा डबा होता. सात वाट्या, प्रत्येक वाटीत एक भाग, आणि काढलेल्या क्रमाने ठेवायचं, म्हणजे जोडताना उलट फिरलं की झालं. रविवारी सकाळी मी बोल्ट खोलला, तुटका आकडा काढला, स्प्रिंगचं भोक पुसून लख्ख केलं, सगळं वाट्यांमध्ये मांडलं आणि अंघोळीला गेले. बाहेर आले तर डबा चौरंगावर. विळी आणि कॅल्क्युलेटरच्या मध्ये. डब्याच्या कडेला हळदकुंकू, बोल्टवर शेवंतीचं एक फूल, आणि सगळ्यावर कुंकवात घोळलेल्या अक्षता.

"आई, हे काय केलंस? हे गिऱ्हाइकाचं आहे."

"मग काय झालं? हात तर तुझे लागतात ना?" ती शांतपणे निरांजन लावत म्हणाली. "लोखंडाला कुंकू नाही लावलेलं, ओल धरेल म्हणून. मला कळतं तेवढं. गिरणीवाल्याची मुलगी आहे मी."

"मला आत्ता जोडायचंय ते."

"आज नाही जोडायचं. आज हत्याराला हात नाही लावायचा. उद्या उचल."

बाबा पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण पानाआडून ते हसत असावेत अशी मला दाट शंका होती. त्यांची मुदत उद्या संपत होती. मी चिडले, आदळआपट केली, उपयोग शून्य. जी बाई कऱ्हाडच्या बाजारपेठेला दिवसभर पिठाशिवाय ठेवणाऱ्याच्या घरात वाढली, ती मिस्टर डॉयलसाठी काय नियम मोडणार? चक्क्याचं पाणी टपटपत होतं आणि मी दिवसभर त्या डब्याकडे बघत बसले.

सोमवारी सकाळी आईने डब्यावर अक्षता वाहून उत्तरपूजा केली आणि तो माझ्या हवाली केला. मला पंचवीस मिनिटांत निघायचं होतं. फूल बाजूला केलं, अक्षता झटकल्या, वाट्यांतले दाणे टिपले, बोल्ट उलटा करून दोनदा ठोकला. भोकात स्प्रिंग, पुढे खुंटी, खुंटी बारीक पेचकसाने आत दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने आकडा खाचेत सरकवायचा. खुंटी दाबताना जड लागली. हे मी आज कबूल करते, तेव्हाही केलं, फक्त अर्ध्या दिवसाने. जड लागली आणि माझ्या मनात आलं की नवी स्प्रिंग आहे, जड लागणारच. घाईला आणि गर्वाला कारण लगेच सापडतं. आकडा टक् करून बसला, मला बरं वाटलं आणि मी निघाले.

चार वाजता डॉयल आले. पाच मिनिटांनी बाबा. आईने साडेचारला घरी या असा हुकूम सोडला होता, माझी गाडी पूजेसाठी घरच्या गॅरेजमध्येच ठेवली होती आणि सकाळी बाबांनीच मला सोडलं होतं, त्यामुळे 'डेंटिस्ट' आटोपून ते मला न्यायला आले होते. बाहेर बोचरा पाऊस होता म्हणून आत आले. सात महिन्यांत पहिल्यांदा. टाय, लांब कोट, आणि दारातच पायपुसण्यावर उभे, जणू एक पाऊल पुढे टाकलं तर तेल लागेल. हँकने कॉफी विचारली, ते नको म्हणाले. मी बोल्ट बसवून रायफल जोडली होती, शेवटचा स्क्रू आवळला होता. हँकच्या दुकानात प्रत्येक काम गिऱ्हाइकासमोर नकली काडतुसांनी तपासायचं. पितळी, आत दारू नाही, नुसता आकार. मी पाच भरली, बोल्ट मागे ओढून सोडला, पुन्हा ओढला. काडतूस बाहेर उडायला हवं होतं. आतच राहिलं. पुन्हा ओढला. आतच.

"सांगितलं होतं मी," डॉयल म्हणाले. मला नाही, हँकला. आमच्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. त्यांनी तर भात चुलीवर चढायच्या आधीच केली होती.

हँक उठला, हात पुढे केला. "इकडे दे. मी बघतो. चिठ्ठी बदलून घेऊ."

त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. तो मला झाकत होता. पण बाबा दारात होते, त्यांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेलेला मला दिसला. "नाही," मी म्हटलं. "मी जोडलंय, मीच खोलणार." कोणाच्या परवानगीसाठी थांबलेच नाही. अडकलेलं काडतूस काढलं, बोल्ट बाहेर घेतला, आकडा उचकटला, खुंटी काढली, स्प्रिंग काढली. स्प्रिंगच्या तळाशी जागा कमी आहे हे आता माझ्या बोटांना लख्ख कळत होतं, जसं ते सकाळीही कळलं होतं. सुई घालून कोरलं तेव्हा टेबलावरच्या पांढऱ्या फडक्यावर एक दाणा पडला. कुंकवाने लाल झालेला. त्याच्यामुळे स्प्रिंगला दबायला जागा नव्हती, म्हणून आकडा हलत नव्हता, म्हणून काडतूस धरलं जात नव्हतं. दहा वर्षं तांदळातले खडे काढले आणि बोल्टमधला तांदूळ मला दिसला नाही.

"काय आहे ते?" डॉयलनी वाकून विचारलं.

 बाबा दोन पावलं पुढे आले आणि मराठीत, अगदी हळू म्हणाले, "सांगू नकोस. कचरा होता म्हण."

तो आवाज मला ओळखीचा होता. गॅरेजचं दार खाली येताना जो असतो तोच. आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी रायफल, मुदत, फॉर्म सगळं एका बाजूला झालं. माझ्या आईने लोखंडाला ओल लागू नये म्हणून कुंकूसुद्धा जपून लावलं होतं. तिला मी कचरा म्हणणार नव्हते.

"तांदूळ आहे," मी इंग्रजीत, गरज होती त्यापेक्षा मोठ्याने म्हटलं. "काल आमच्याकडे अवजारांची पूजा होती. माझ्या आईने तुमच्या बोल्टचीही केली. दाणा आत गेला. तिची चूक नाही. जोडायच्या आधी भोकात बघायचं काम माझं होतं, मी बघितलं नाही."

 हँकने चष्मा कपाळावर चढवला. "दाबताना जड लागली होती ना?"

"लागली होती."

"कळलं होतं तुला."

"हो."

"मग तुझ्या बोटांनी सांगितलेलं ऐकत जा. त्यासाठीच ठेवलंय मी त्यांना." एवढंच. आवाज चढवला नाही, तरी मला तो फटका बसला आणि अजून बसलेला आहे. मी भोक पुन्हा पुसलं, उजेडात धरून तळ बघितला, स्प्रिंग, खुंटी, आकडा. या वेळी खुंटी तुपात बोट जावं तशी आत गेली. पाच नकली काडतुसं भरली. ओढला, उडालं. ओढला, उडालं. पाचवं जाऊन बाबांच्या बुटापाशी पडलं आणि त्यांनी ते वाकून उचललं, काउंटरवर ठेवलं.

चिठ्ठी समोर होती. हँकने पेन माझ्याकडे दिलं आणि विचारलं, "नाव बदलायचं?" मी नकारार्थी मान हलवली. 'सापडलं काय' या ओळीत मी लिहिलं, 'तुटका आकडा. तांदळाचा एक दाणा.' आणि खाली जिथे हँकने शनिवारी माझं नाव लिहिलं होतं, त्यावरून पेन पुन्हा एकदा फिरवलं. डॉयलनी आपला अर्धा भाग फाडून घेतला, वाचला, घडी करून शर्टाच्या खिशात घातला. थँक यू म्हणाले नाहीत. दारातून बाहेर पडता पडता बाबांना म्हणाले, "माझी आजी ट्रॅक्टरवर पवित्र पाणी शिंपडायची. कार्ब्युरेटर दोनदा खराब झाला." आणि पावसात निघून गेले. 

माझी एक चुलत भाची हल्ली रेडमंडला असते. ती मला फोनवर विचारते, "मावशी, डोन्ट यू फील बॅड? गन्स आहेत त्या." वाटतं. बातम्या बघते तेव्हा मान खाली जाते. दोन-चार गिऱ्हाइकांना मी तोंडावर नाही म्हटलंय आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्यात. पण माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर माझं खरं नाव आहे आणि खरी चूक आहे, हे ती मान वर करायला पुरतं. तिला हे पटत नाही. तिने पटवून घ्यावं अशी माझी सक्तीही नाही. माझ्या बाबांना कुठे पटलं होतं?

त्या दसऱ्याला घरी जाताना बाबा नुसते रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. वायपर चालू होते. मी तोंड उघडलं असतं तर माफी मागितली गेली असती आणि मला ती मागायची नव्हती. गॅरेजशी आल्यावर त्यांनी बटण दाबलं, दार वर गेलं, गाडी आत घातली आणि दार खाली करायचं विसरून ते तसेच घरात गेले. ताटं मांडलेली होती. पुऱ्या, बटाट्याची भाजी, केशर घातलेलं श्रीखंड. बाबांनी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला, त्याच्या खिशातला फॉर्म थोडा बाहेर आलेला दिसत होता. मी त्याच्याकडे बघत बसले होते. आईने काय झालं असं विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, दाण्यासकट. ती ऐकत ऐकत पुऱ्या वाढत राहिली.

बाबांनी श्रीखंडाचं एक बोट चाटलं, वाटी खाली ठेवली. "अगं, पुढच्या वर्षी त्या डब्यावर अक्षता नको वाहूस," ते म्हणाले. "नुसतं फूल ठेव."

पुढच्या वर्षी. मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत नव्हते, पुरीचा तुकडा मोडत होते. फॉर्मबद्दल त्यानंतर आमच्या घरात कधीच कोणी काही बोललं नाही. पण आईला तेवढ्याने भागत नव्हतं. तिने झारा खाली ठेवला आणि कमरेवर हात घेतले.

"अक्षता मी वाहणारच," ती म्हणाली. "तिला निवडायला शिकवलंय मी."